साहेबांची बाटली, आईची कालवं

कल्याण, ता. ६ जानेवारी १८९१

तीर्थरूप राघोदादा यांस,
तुळसाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

जी वस्तू आपल्या घरात यायलाच नको, तिच्याबरोबर जेवायला काय वाढावे? तुझ्या या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. शिक्षिकेची परीक्षा घरात मीच पहिली पास झाले, म्हणून सगळे मलाच विचारता. पण ट्रेनिंग कॉलेजात फ्रान्सच्या नद्या शिकवल्या, फ्रान्सची दारू नाही.

बाटलीवरची अक्षरे तू गिरवून पाठवलीस, ती आमच्या शाळेच्या मडमेला दाखवली. ही शाब्ली, पांढऱ्या द्राक्षांची, असे ती म्हणाली. ताज्या कालवांशी आणि मासळीशी छान जाते, मिरची-चिंचेशी मुळीच नाही. आता बिनमिरचीची कालवं कर, असे आईला कोण सांगणार? ती मलाच औषध देईल.

पण माझा गोंधळ निराळाच आहे. दिवाळीत मिठागरातल्या बायकांपुढे मी ताडीविरुद्ध बोलले, दारूला हात लावणार नाही अशी शपथ घेतली. आणि आता मीठखात्याचे साहेब रविवारी आपल्याकडे जेवायला येणार, स्वतःची बाटली त्यांनी आधीच पाठवलेली, आणि त्यांच्या होकारावर मी काढणार त्या मुलींच्या शाळेला ती रिकामी मिठाची कोठी मिळणार! वाढावी तर शपथ मोडते; न वाढावी तर कोठी जाते.

जेवणाचे आईलाच विचार. तिला नुसत्या वासावरून कळते.

तुझी धाकटी,
तुळसा


ठाणे, ता. ८ जानेवारी

चि. तुळसा हीस,
राघोचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गो बाय, तुझ्या सांगण्यावरून आईला वास दिला आणि घोटाळा झाला. बूच खिळ्याने काढले. आईने बोट बुडवून चाखले आणि तोंड वाकडे केले. पहाटेची ताडी गोड, दुपारची आंबट, हे तिला जन्मापासून ठाऊक. ही तर जहाजात महिने काढून आलेली, पार आंबून गेली म्हणाली. साहेबाला असली नासकी वाढून आपली शोभा करून घ्यायची काय, असेही म्हणाली. पण टाकवेना. कोकम संपले होते, म्हणून अर्धी बाटली कालवांच्या रश्शात ओतली.

खरे सांगू? रस्सा फक्कड झाला. बाबांनी तीनदा भात घेतला. तू असतीस तर शपथेसकट जेवली असतीस.

आता बाटली अर्धी उरली. मारुतीकाका म्हणतात, वरून पाणी आणि घोटभर ताडी घालू, बुचावर लाख लावू, साहेबाला काय कळते! मला काही सुचत नाही. कोठी तुझ्या शाळेची, तेव्हा तू म्हणशील तसे करू. लवकर कळव.

तुझा दादा,
राघो


कल्याण, ता. ९ जानेवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आले. मडम म्हणते, ती आंबटच असते, बिघडली नव्हती. आणि तिकडे कालवांवर लिंबू पिळतात. मग आईचे चुकले की बरोबर आले? बाबांनी रश्शातून घेतली, ती प्यायली धरायची का? मला खरोखर कळत नाही.

एवढे कळते, की भेसळीची बाटली पुढे करून कोठी मिळवायची आणि त्याच कोठीत मुलींना खरे बोलायला शिकवायचे, हे माझ्याने होणार नाही. मारुतीकाकांना म्हणावे, लाख राहू द्या.

मी साहेबांना इंग्रजीत सगळे लिहिले आहे. आईला ती नासकी वाटली, अर्धी रश्शात गेली, घरच्यांना आवडली. उरलेली आहे तशी पुढे ठेवू, मात्र मी वाढणार नाही. कोठीचा निकाल जेवायला यायच्या आधीच द्यावा, म्हणजे आमच्या पाहुणचारात लाचारी राहणार नाही. चार चुका असतील. मडमेला दाखवले नाही, तिने शब्द मवाळ केले असते.

रागाव हवे तर, पण बहिणीवरची माया पातळ करू नकोस. तुला आधी विचारले असते तर तू अडवले असतेस. म्हणून ते पत्र दुपारच्या टपालात टाकून आले, आणि मगच हे लिहायला बसले.

तुझी,
तुळसा