पुराची मदत आणि मधला पट्टा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

कलम १. राहते घर, विहीर व माझ्या वाटणीची जमीन माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. बापाची नजर चुकवून ती मला भेटायला येते. स्वयंपाकघराचे दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही, हे तिने ध्यानात ठेवावे.

कलम २. छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप व रेडिओ ट्रॅक्टरवाल्याला. बायको गेल्यापासून मी रेडिओवरच्या माणसांना उत्तरे देतो. ट्रॅक्टरवाल्याने हसू नये.

कलम ३. पुराच्या सरकारी मदतीविषयी. हे जरा सविस्तर लिहावे लागेल.

पुरात आम्हा भावांमधला बांध वाहून गेला. पंचनाम्याला आलेल्या कारकुनाने विचारले, "हद्द कुठं आहे?" मी पंपघर दाखवले. धाकटा म्हणाला, "दादा, खोटं बोलू नकोस. त्याच्या बरीच अलीकडे, तुझ्या बाजूला आहे." हेच त्याचे माझ्याशी शेवटचे बोलणे. कारकून चिखलात उभा राहून कंटाळला होता. "तुमचं तुम्ही बघा," म्हणत त्याने दोन्ही शेते एकत्र लिहिली. मदत दोघांच्या नावे एकाच खात्यात आली. काढायची तर दोघांच्या सह्या हव्यात. मी निरोप धाडला, आधी हद्द कबूल कर. त्याचाही तोच निरोप आला. पैसे अजून बँकेतच आहेत.

बांध कोणीच घातला नाही. आपण हद्द ओलांडली असे दुसऱ्याने म्हणू नये म्हणून दोघेही मागे सरून नांगरतो. मधला पट्टा दरवर्षी रुंदावतो. गवत इतके माजले आहे की पलीकडे धाकटा दिसत नाही, खोकला तेवढा ऐकू येतो. हल्ली खोकला वाढला आहे. औषध घेतो की नाही, कोण जाणे.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "काका, एक जण गेला की दुसऱ्याला एकट्याच्या सहीवर मिळतात." म्हणजे माझ्या पश्चात ते आपोआप धाकट्याचे. माझी हरकत नाही.

कलम ४. धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. हे रागाने केलेले नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदार दोन लागतात, आणि दुसरा मला तोच हवा आहे. वकील आपला लेखनिक द्यायला तयार होते. मी नको म्हटले.

साक्षीदाराने माझी सही समोर बसून बघायची, मग स्वतःची करायची, असा कायदाच आहे. बँकेत जमले नाही ते माझ्या टेबलाशी जमावे. हद्द तो म्हणेल तिथे. मला त्याच्याशी बोलायचे आहे.

लिहून ठेवणार: त्याचा थोरला भाऊ. सही त्याच्यादेखत करीन.
साक्षीदार पहिला: शेजारचा दुकानदार. हाक मारली की येईल.
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. पुतणीबरोबर निरोप धाडला आहे.
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. दार ओढून घेतलेले नाही.
दिनांक: धाकटा येईल तो.