दादाचा आवाज आणि तुझा पासवर्ड

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला वाटला. तुझा संगणक बसला, तुझ्या लेकीचे, चिमणीचे, लहानपणचे फोटो गेले, आता सगळी भिस्त माझ्याकडच्या जुन्या संगणकाच्या डबड्यावर. वहिनी, तेवढं बघ ना, म्हणालास. गरज असली की किती गोड बोलतोस रे! फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून लिहितेय.

ते डबडं तूच आणलंस. त्यात विकतची सिस्टीम घातलीस आणि मालक म्हणून स्वतःचं नाव. वहिनीला काय कळतंय, म्हणालास. तुझा दादा हसला, मीही हसले. सिस्टीम गुणी होती, खोटं कशाला बोलू? प्रिंटर जोडला की मुकाट चालायचा. फक्त लहर आली की अपडेट होत बसायची आणि मी आपली ताटकळत. भाड्याच्या घरासारखं होतं ते. सोयी सगळ्या, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला.

आजारपणात तुझा दादा त्यावर गुणगुणून रेकॉर्ड करून ठेवायचा, मधूनच मला हाका मारायचा. तो गेला आणि तू पासवर्ड बदललास. विचारलं, तर घर विकायला हो म्हण, मग देतो, म्हणालास. हसत म्हणालास खरा, पण घर घेणारा माणूस टेप घेऊन दारात उभा होता. त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मग मी वाचनालयातल्या संगणकावर बसले. फुकटची, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम पेनड्राइव्हवर उतरवली. आधी नुसती फाइलच कॉपी केली. वेष्टन न काढता साबण पाण्यात बुडवावा, तसं. फेस कुठून येणार? पुन्हा वाचलं, पुन्हा केलं. शेवटी आपलं डबडं त्या पेनड्राइव्हवरून सुरू झालं आणि त्यानं तुझं नावसुद्धा विचारलं नाही. कुलूप तू फक्त दाराला लावलं होतंस, आतली कपाटं सताड उघडी. दादाचा फोल्डर दिसला. पहिलीच हाक माझी होती. मी वेडी, संगणकाला ओ देऊन बसले.

या नव्या सिस्टीमचेही नखरे आहेत हं. प्रिंटर कितीतरी दिवस रुसला होता, मराठीतल्या वेलांट्या भलतीकडे जाऊन बसायच्या. पण नेटवर विचारलं की कुणीतरी अनोळखी माणूस शांतपणे समजावून सांगायचा. बदल्यात कुणी घर मागितलं नाही.

आता फोटोंचं. ते इथे सुखरूप होते. आधी लिहून दे, घर विकायचं नाव काढणार नाही, मग देते, असं तुला सांगावं, हे वाक्य मी जिभेवर छान घोळवून पाहिलं. गोड लागलं. पण त्याहून गोड सुचलं. काल चिमणीला बोलावून घेतलं. फोटो पाहून ती हसली, आणि मग तिनं विचारलं, हे इथे बाबांच्या नावाच्या कुलपात कसे? मी तिला तिच्या मोठ्या काकांचा आवाज ऐकवला, आणि तू त्याची काय किंमत लावली होतीस तेही सांगितलं. जाताना सगळे फोटो घेऊन गेली, इथले पुसून टाकले, आणि स्वतःच्या संगणकावर पासवर्ड घालतेय, म्हणाली. मी तो विचारला नाही. तुला फोटो हवे असतील तर लेकीकडे माग. बदल्यात काय द्यायचं, ते ती सांगेल.

तुझीच,
काही न कळणारी वहिनी