ह्यांच्या मापाची सीट

८ सप्टेंबर, सकाळ
मी सांगते, नात नम्रता लिहिते. तिने आपल्या पदरचं घालू नये.
वर्ष झालं हे गेले. त्यांच्या सायकलने नम्रता जिते स्टेशन गाठते, पुढे पेणला कॉलेज. सहा फुटी माणूस, सीट त्यांच्या मापाची. ती खाली यायची नाय. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. हितेशने, पोराने, आईला सांभाळीन म्हटलं. नाय. मिठागर विकणार नाय म्हटलं. नाय. मी म्हटलं, तुमची सीट कोण हलवणार नाय. लगेच शिवला. शब्द म्हणजे शब्द.

१० सप्टेंबर
पोरीला बसायचं वळण लावतेय. पाठ सैल, कोपर जरा वाकलेले, डोक्यावर हंडा असल्यासारखी मान. तरी पायडल खाली गेलं की नुसता अंगठा पोचतो नि कंबर जात्यासारखी फिरते. गुडघ्यामागे दुखतं म्हणते. मोबाइलमधला कोण सांगतो, पाय खाली गेल्यावर गुडघ्याला थोडा बाक हवा, कंबर हलता नये, म्हणून सीट उतरव. म्हटलं, सीट बरोबर हाय, कंबर चुकलीय. आठवड्यात सरळ होईल.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
पडवीत सायकलची घंटी वाजली. वारा नाय. नम्रता म्हणाली, उंदीर. उंदराला कुठं जायची घाई? मी भीत नाय. फडकं मारायला गेले तर सीट गरम. आता कोण उतरलं?

१४ सप्टेंबर
ह्यांची तिथ. वडे, खीर, बाजूला बिडी. कावळा आला तो सीटवर बसला. पानाकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिला. नम्रतेला म्हटलं, बघ, बजावतायत.

१६ सप्टेंबर
तोडगा काढला. पायडललाच लाकडाचे ठोकळे बांधले. सीट तिथंच, पाय पोचतो. कॉलेजात हे शिकवत नाय.

१७ सप्टेंबर
ठोकळा फिरला. नम्रता बांधावरून खाडीच्या चिखलात. गुडघ्याचा भोपळा. हितेश म्हणाला, आये, बाबांचं माप पोरीच्या गुडघ्यावर कशाला? सीट उतरत नसेल तर कॉलेज बंद. म्हटलं, मोबाइलमुळे पडली. नम्रता लिहीत नव्हती. लिही म्हटलं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
पुन्हा पान वाढलं. दुपार कलली, वडे वाळले, कावळा नाय. नम्रता लंगडत आली, हातात पाना. मला विचारलं नाय. सीट आपल्या कमरेएवढी केली, आवळली. मी डोळे मिटून घंटीची वाट बघितली.
घंटी नाय वाजली. डोळे उघडले तर कावळा वडा उचलून चाललेला. सीटकडे ढुंकून बघितलं नाय त्याने.
म्हणजे वर्षभर अडून बसलं होतं कोण? हे लिहू नको गो.

संध्याकाळ
पडवी गप्प. सीटवर हात ठेवला. गार. मीच एकदा घंटी वाजवली.
आतून नम्रता म्हणाली, आजी, उंदीर आला वाटतं.