बटणावरचं कुंकू

मंगळवार, दुकान बंद केल्यावर

नवा प्रिंटर अखेर चालला. भारती अक्कांपुढे आज खरंच हात जोडले मी.

आठवडाभर तो प्रिंटर आमच्या जुन्या कॉम्प्युटरला ओळखच देत नव्हता. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या अक्का सकाळी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, विंडोज फार जुनी आहे, नवी टाकावी लागेल. मी म्हटलं, टाका की लगेच, लग्नपत्रिकांची सगळी डिझाइनं पेन ड्राइव्हवर घेतलीत.

"अवसर ब्याड, अण्णा. घाई नको. आधी एक पत्रिका माझ्या लॅपटॉपवर उघडून बघू."

उघडली, तर नवरा-नवरीच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! गणपती, वेलबुट्टी सगळं मी घेतलं होतं. कन्नड-मराठी फाँट तेवढे जुन्या विंडोजमध्येच राहिले होते. इतक्या वर्षांची अक्षरं मी स्वतःच पुसायला निघालो होतो.

अक्कांनी एकेक फाँट हुडकून काढला, मगच विंडोजला हात घातला. वर कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली धूळही झाडली. पण चालू करायच्या बटणावरचं खंडेनवमीचं कुंकू? त्याला फडकं लागू दिलं नाही. मी एवढं जपलं असतं का? नसतं.

त्या निघताना मी त्यांचा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि त्याला कुंकवाचं बोट लावलं.

"आज कुठला दसरा, अण्णा?" अक्का हसल्या.

मला वाटलं, आता पुसतील. कुंकवासकट तसाच पिशवीत ठेवला त्यांनी.