दारालगतचं पोतं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खराच घडला, फक्त तो दवाखान्याच्या टेबलावर, पोटाखाली उशी घेऊन. खुलासा पुढे येतोच.) तुझं पत्र पोचलं. तुझी प्रकृती उत्तम, भावजींची त्याहून उत्तम, आणि हल्लीचे चपलावाले मापात मारतात म्हणून तू भावजींच्याच चपला घालून हिंडतेस, हे वाचून आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. दुकानदाराला चार शब्द सुनावून आलीस ते बरंच केलंस.

आता माझी हकिकत. सहा महिने पाय सुजत होते आणि लघवीला फेस येत होता. मी कुणाला बोललो नाही, कारण पाय सुजणं हा आपल्याकडे आजार धरतच नाहीत. वडिलांचे सुजायचे ते उभं राहून, आत्याचे सुजायचे ते बसून. शेवटी सौभाग्यवतींनी किडनीच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं. बाईंना शंका आली अमायलॉइडची. म्हणजे शरीर एक बिघडलेलं प्रथिन तयार करतं आणि ते जिरतही नाही, बाहेरही जात नाही. आमच्या गोदामात उचल न झालेला माल पडून राहायचा, तसं अवयवांत साचत जातं. खात्रीसाठी त्यांनी आधी पोटाच्या चरबीत सुई घातली. चरबी साफ निर्दोष निघाली! जिच्यावरून पंचवीस वर्षं बोलणी खाल्ली, तिला सहीशिक्क्यानिशी दाखला मिळाला. तो मी घरात तीनदा मोठ्याने वाचला. (चौथ्यांदा वाचू दिला नाही.) पण बाई म्हणाल्या, चरबी साफ म्हणून किडनी साफ असं होत नाही, किडनीचाच तुकडा काढायला हवा.

तुकडा केवढा, तर पेन्सिलीच्या शिशाहून बारीक! इथे माझ्यातला धान्य तपासनीस खवळला. तीस वर्षं मी पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुने काढले. वरचं, मधलं आणि तळाचं पोतं तपासावं हा नियम मला तोंडपाठ. एवढ्याशा धाग्यावरून दोन किडन्यांचा निकाल कसा लावता, असं मी बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शितावरून भाताची परीक्षा तुम्ही कधी केली नाहीत?" मी संमतीच्या कागदावर सही केली. (तुला म्हणून सांगतो, मी फक्त दारालगतचं पोतं तपासायचो. गोदामवाल्यालाही ते ठाऊक होतं, त्यामुळे दारालगतचं पोतं नेहमी फार सुरेख असायचं.)

मग पालथा झोपवून, श्वास रोखायला सांगून, पाठीत खट्! श्वास सोडा म्हणेपर्यंत मी सोडला नाही, आणि सांगायचं बाई विसरल्या. नंतर सहा तास उताणा, हलायचं नाही. रक्त येतंय का पाहायला दर वेळची लघवी बाटलीत ठेवायची होती. मी परिचारिकेकडून वेळेच्या चिठ्ठ्या लावून बाटल्या खिडकीत क्रमाने मांडून घेतल्या. माझ्या नोकरीत इतकी चोख नोंद एकदाही झाली नव्हती.

आठवड्याने बाईंनी सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. तुकडा लाल रंगात बुडवतात, आणि खास उजेडात तो हिरवा चमकला की आजार पक्का. माझा कच्च्या सफरचंदासारखा चमकत होता. चार शिकाऊ डॉक्टर धावत आले आणि "काय सुंदर, काय सुंदर" म्हणू लागले. माझ्या कुठल्याही भागाला हा शब्द प्रथमच लागला, तोही या भागाला! धाग्यात रक्त गाळणाऱ्या अकरा गाळण्या सापडल्या: चार कामातून गेलेल्या, पाच अर्ध्या बुजलेल्या, दोन ठणठणीत. त्या दोन मी पुन्हा पुन्हा बघून घेतल्या. ताई, तेव्हा मला फार भीती वाटली. असो. काळजीचं कारण नाही.

भावजींना नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. – काळजीचं कारण आहे.

ता. क. दुसरा – तुकडा पुढे मोठ्या प्रयोगशाळेत गेला होता. हा प्रकार घराण्याच्या रक्तातूनच येतो, भावंडात निम्मी शक्यता. घरात आधी कुणाला होतं का, असं बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तू लहानपणापासून पढवलंस तेच मी ताठ मानेने सांगितलं, की आमच्या घराण्यात असलं काही नाही. दारालगतचं पोतं दाखवलं, ताई. वडील आणि आत्या आत राहिले. लवकर कळलं तर पुष्कळ सांभाळता येतं, असं बाई म्हणतात.

ता. क. तिसरा – उद्या सकाळची पहिली लघवी तपासायला दे. मग माझ्याशी हवं तेवढं भांड, मला रागावायला तुझ्याशिवाय आता मोठं कुणी उरलेलं नाही. आणि तिथून येताना त्या चपलावाल्याची माफी मागून ये. त्याचं माप बरोबर होतं.