चाळीसवरचा गीझर

रोहा,
३ फेब्रुवारी

प्रिय हफ्सा,

तुझे फोन वाजत राहतात आणि मी उचलत नाही, म्हणून तू रागावली असशील. गेल्या रविवारी मी तुझ्याकडे यायला निघाले होते, हे तुला ठाऊक नाही. सकाळची पेणची एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत सगळं मनात नीट लावून ठेवलं. गडब आलं तेव्हा वाटलं, आता थोड्या वेळात तू दार उघडशील, हाताला धरून आत नेशील, घावन घालायला घेशील, आणि माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. मी गडबलाच उतरले. टपरीवर चहा घेतला आणि उलट्या गाडीनं घरी आले. समोर बसून जमत नाही, म्हणून लिहितेय.

घर फार मोठं झालंय गं. तुझा भाऊ मस्कतला, अम्मी गेल्या, आणि मी एकटी तीन खोल्यांचे दिवे लावते नि घालवते. दुपारी कुणी हाक मारली असं वाटून मी दोनदा मागच्या खोलीत जाऊन आले. आता एकाच माणसाचा भात शिजवायला शिकतेय. अजूनही जास्तच होतो.

अम्मींना मी मागच्या खोलीत हलवलं ते ऑक्टोबरात. त्यांचे गुडघे वाकत नव्हते, आणि आमीरनं मस्कतच्या कमाईतून स्वतःसाठी बांधलेल्या तिथल्या बाथरूममध्ये कमोड होता, हँड शॉवर होता. तो सुट्टीवर आला की तेवढ्यापुरती वापरायची, एरवी वर्षभर बंद. मी खोली झाडली, चादरी बदलल्या. नळात इतके महिने पाणी साचून आहे, ते आधी वाहून जाऊ द्यावं, हे डोक्यात आलं नाही. सुरुवातीला थोडं गढूळ आलं, मग स्वच्छ. मला तेवढं पुरेसं वाटलं.

मग पाय भाजल्याचं तुला आठवत असेल. साखरेमुळे त्यांच्या पावलांना काही कळायचंच नाही. गीझरचं कडक पाणी पायावर पडत राहिलं आणि त्या माझ्याशी आरामात गप्पा मारत होत्या. संध्याकाळी फोड आले. तू फोनवर रडलीस. मी त्याआधीच रडून घेतलं होतं.

त्यानंतर सव्वा महिन्यानं पनवेलच्या हॉस्पिटलात नऊ दिवस तू बरोबरच होतीस. ताप, धाप, न्यूमोनिया. पण तू खाली औषधं आणायला गेली होतीस तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. लघवीच्या तपासणीत लीजिओनेला नावाचा जंतू सापडला होता. तो पाण्यात वाढतो, म्हणाल्या. गार पाण्यात सुस्त पडून राहतो, खूप कढत पाण्यात मरतो, आणि मधल्या कोमट पाण्यात, विशेषतः साचलेल्या, जोमानं वाढतो. प्यायल्यानं सहसा काही होत नाही. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की छातीत बसतो. म्हातारं, साखर असलेलं माणूस असेल तर आवरत नाही. त्यांनी विचारलं, घरी गरम पाण्याची काय सोय आहे? मी म्हटलं, गीझर आहे. तेवढंच म्हटलं.

तुला आणि आमीरला नंतर मी जंतूचं सांगितलं, पण अर्धंच. त्याचं मस्कतच्या हॉटेलात कामच ते, खोल्याखोल्यांत नळाखाली थर्मामीटर धरून पाणी पुरेसं तापलंय का बघायचं. त्यानं फोनवर पहिलं विचारलं, "गीझर कितीवर होता?"

मी म्हटलं, "साठवर."

तो म्हणाला, "म्हणजे माझ्याच पायपात होता तो. लोकांचे नळ तपासत फिरलो आणि अम्मीचा नाय तपासला."

हफ्सा, गीझर साठवर नव्हता. बसवला तेव्हा आमीरनं साठच्या आकड्यावर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता आणि याच्या खाली आणू नकोस म्हणून बजावलं होतं. अम्मींचे पाय भाजले त्या रात्री मी काटा चाळीसवर आणला. थंड पाणी मिसळायलाच नको, सरळ अंगावर घेता येईल असं पाणी. त्यांना आवडायचं ते. पाच आठवडे मी त्यांना रोज त्याच पाण्यानं आंघोळ घातली. हॉस्पिटलातून कपडे न्यायला घरी आले, तेव्हा चप्पल न काढता आधी बाथरूममध्ये गेले आणि काटा परत साठवर केला. कुणी बघायला येणार नव्हतं, तरी केला.

अम्मींच्या जियारतला, तिसऱ्या दिवशी, सगळ्या बायकांसमोर तू माझा हात धरून म्हणालीस, "पोटच्या मुलीनं केलं नसतं एवढं अनीसानं केलं." मी हात सोडवून घेतला नाही.

हे मी गिळून टाकलं असतं, खरंच. पण आमीरनं रमजानात घरी यायचं तिकीट रद्द केलंय. हॉटेलातलं काम बदलून मागितलंय, नळापुढे उभं राहवत नाही म्हणतो. मागच्या शुक्रवारी म्हणाला, त्या घरात मी कुठल्या तोंडानं येऊ. माझ्या चुकीपायी तो तिकडे एकटा झुरतोय आणि मी इकडे सगळ्यांची शाबासकी घेतेय. या शुक्रवारी त्याचा फोन येईल तेव्हा मीच त्याला सांगणार आहे. तोवर हे पत्र तुझ्या हातात पडेल. आई तुझीही होती, म्हणून तुला आधी. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, तर तू तरी त्याच्याशी बोलत राहा. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तू म्हणशील तर तुझीच,
अनीसा