सनईतला गचका

॥ ॐ नमः शिवाय ॥
लातूर, रविवार संध्याकाळ

ह्यांचा भजनात वाजवायचा जुना कीबोर्ड आता मधेच मुका होऊन राहिलाय. पार बंद पडायच्या आत लेकीनं, गौरीनं, त्यातला एकेक आवाज कॉम्प्युटरात उतरवून घेतला. उद्या सोमवारचं भजन, हे गेल्यापासूनचं पहिलं. साथीला तीच बसणार.

आज तिनं सनईचा लांब सूर ऐकवला. मी पंखा बंद केला. लई गोड होता, पण ह्यांचा नव्हता.

"ह्यात गचका नाही," मी म्हटलं.

"आई, त्या मशीनमध्ये सनईचा एवढासाच तुकडा होता. सूर लांबवला की तोच परत लागायचा, जोडावर गचका बसायचा. चूक होती ती. मी काढली."

"काढली? अगं, आम्हा बायकांची पहिली टाळी त्या गचक्यावरच पडायची. उद्या काय तुझ्या तोंडाकडं बघून वाजवायची?"

हसली. "बरं माय, घालते तुझा गचका."

घातला, अन् माझ्याकडं बघत बसली, आई रडते का म्हणून. मला काहीच वाटलं नाही. हे गेल्यापासून असंच आहे. पूजा होते, स्वयंपाक होतो, आत काही हलत नाही. महादेवा, दगड झाले का मी?

सूर चालू होता, मी तांदूळ निवडत होते. गचका आला. बघते तर हातातले तांदूळ फरशीभर, अन् दोन्ही हात जुळलेले. टाळी पडून गेली होती.